रोपांना न दावलेली थंडी

तात्या, सध्या आमच्या फ्रीजमध्ये कोबीची रोपं आहेत. कोबी नव्हे, रोपं. मातीसकट, चहाच्या कागदी कपांत लावलेली, खालच्या कप्प्यात, जिथं एरवी सूनबाई पालेभाजी ठेवते तिथं. फ्रीजचं दार लावलं की आतला दिवा विझतो म्हणून नातीनं त्यात सेलवरचा एक छोटा दिवा चिकटवलाय. सकाळी दूध काढायला दार उघडलं की आधी तो डोळ्यांवर येतो. सूनबाई चिडते. "दुधाच्या पिशव्या कुठं ठेवू आता, तुझ्या डोक्यावर?" असं नातीला म्हणते. नात म्हणते, "मम्मी, दोन आठवडे फक्त. टेन्शन नको घेऊ." आणि मी ओट्याशी कोथिंबीर निवडत बसलेली असते आणि माझी नजर सारखी फ्रीजच्या दाराकडं जाते. कारण फ्रीजमध्ये काय चाललंय ते या घरात पोरीच्या खालोखाल मलाच कळतं. ती रोपांना थंडी दावते आहे.

तुमची लेक असून तुम्हाला मी आजवर एक पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मला जे लिहायचं होतं ते तिसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर जावं असं नव्हतं. ही सबब चांगली होती, अनेक वर्षं पुरली. आता तुम्ही नाही, वाचणारा तिसराही नाही. मीही सत्तरीला टेकले. सातवी झाले तेवढीच शाळा. पुढचं सगळं बाजारातून आलेल्या पुड्यांच्या कागदांवर आणि पोरांच्या जुन्या पुस्तकांवर शिकले. इंग्रजीसुद्धा अडखळत, बोट ठेवून ठेवून वाचते. तेव्हा लिहिता येत नाही म्हणायची सोय उरलेली नाही.

पाचगणीच्या वरच्या अंगाला आपलं ते घर. घराला लागून छपरी, छपरीच्या एका भिंतीपलीकडं चूल, दुसऱ्या भिंतीपलीकडं म्हशी. त्यामुळं छपरी ऐन हिवाळ्यातही उबदार. तिथं तुमची देवदारी खोकी, अठ्ठावीस, आणि त्यांत कोबी-फ्लॉवरची रोपं. पंचक्रोशीतले शेतकरी रोपं न्यायला तुमच्याकडं यायचे, कारण तुमचं रोप मरत नसे. तुम्ही काय करता ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तेवढा धीर कुणाला नव्हता. रोप लावणीजोगं झालं की तुम्ही लगेच देत नव्हतात. पहिल्या संध्याकाळी खोकी अंगणात आणायची, तासभर ठेवायची, परत आत. दुसऱ्या संध्याकाळी दोन तास. मग जेवणं होईस्तोवर. असं वाढवत वाढवत शेवटच्या दोन रात्री पार उजाडेपर्यंत. याला तुम्ही 'थंडी दावणं' म्हणायचात. अशा सात थंड्या. कुणी घाई केली तर तुम्ही खोक्यावरून हात फिरवत म्हणायचात, "पाच झाल्यात, दोन राहिल्यात. सात थंड्या झाल्याबिगार माझं रोप दारातनं जात न्हाई." माणूस बैलगाडी घेऊन आलेला असायचा, तसाच परत जायचा. कुरकुरत जायचा, पण दोन दिवसांनी परत यायचा.

मी एकदा विचारलं होतं, इतकी कोवळी पानं, त्यांना मुद्दाम का गारठवायचं? तुम्ही हसलात. "बाय, एकदम उघड्यावर टाकलं तर कुनीबी मरंल. आधी वाईच दावायची. मग जरा जास्त. मग रोप आपलं आपन आतनं तयारीला लागतं." मी म्हटलं, आतनं म्हणजे कुठनं? तुम्ही पान उलटं करून बघितलंत, जणू तिथं लिहिलं असेल. म्हणालात, "ते मला न्हाई ठावं. पर लागतं."

एका वर्षी ऐन थंड्यांच्या दिवसांत आईचं पोट दुखायला लागलं, थांबेना, आणि तुम्हाला तिला घेऊन साताऱ्याला दवाखान्यात जावं लागलं. मी सोळा वर्षांची. निघताना तुम्ही गाडीत आईला आडवं केलंत, तिच्या अंगावर घोंगडं टाकलंत आणि परत आत छपरीत आलात. "दोन थंड्या झाल्यात. पाच राहिल्यात. तेवढ्या दावशील न्हवं?" मी म्हटलं, दावीन. तुम्ही सहा दिवसांनी आलात. त्या सहा दिवसांत मी एकही थंडी दावली नाही. पहिल्याच संध्याकाळी बाहेर ठेवलेल्या रोपांनी माना टाकलेल्या बघितल्या आणि माझा जीव तुटला. आई तिकडं दवाखान्यात, घर रिकामं, आणि या एवढ्याशा जीवांना मी गारठ्यात काढू? आत आणली. दुसऱ्या दिवशी बाहेर नेलीच नाहीत. उबेत ठेवली, दुपारी पाणीही जास्तच घातलं.

तुम्ही परत आलात ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. आई गाडीतून उतरते आहे, पोट धरून, पण चालते आहे. तुम्ही सहा दिवस नीट झोपलेले नाहीत, डोळे तांबारलेले. चहासुद्धा न घेता तुम्ही छपरीत जाता. मी मागं उभी. रोपं वीतभर झालेली, लुसलुशीत, हिरवीगार, पानं रुंद. तुम्ही बघत राहता. "लई फोफावली गं," तुम्ही म्हणता. थंडी खाल्लेलं रोप असं दिसत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? ते आखूड असतं, दांड्याला जरा जांभळट छटा असते, पान जाड. तुम्ही एक पान चिमटीत धरता, दाबून बघता. मग माझ्याकडं वळून विचारता, "झाल्या न्हवं पाची?"

मी म्हटलं, "झाल्या."

तुम्ही मान हलवलीत आणि पान सोडून दिलंत. तात्या, तुमचे डोळे तुम्हाला खरं सांगत होते, बोटंही सांगत होती. तुम्ही त्या दोन्हींपेक्षा माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवलात. वर पिशवीतून लोकरीचे पायमोजे काढलेत, साताऱ्याहून आणलेले. "अंगनात उभं ऱ्हाऊन पाय गारठलं असतील तुझं," म्हणालात. ते मी तिथंच घातले, तुमच्यासमोर. नको म्हणाले असते तर का म्हणून विचारलं असतंत.

दुसऱ्या दिवशी रोपं गेली. वरच्या आळीच्या काकांनी सगळ्यांत जास्त नेली, दहा खोकी. चौथ्या पहाटे गवतावर दव गोठलं. दरवर्षी एकदोनदा गोठायचं, त्यात नवल नव्हतं. सकाळी काका आले, हातात एक रोप. पान काळपट हिरवं, ओलं, उकडून काढल्यासारखं लोंबणारं. त्यांनी ते अंगणात टाकलं. "तात्या, माझ्या भावानं उघड्यावर वाफ्यात केलेली रोपं मजेत उभी हायत. आन् तुमची ही लाडाची! थंडी दावतो, थंडी दावतो म्हनून आठवडाभर थांबवलंत. त्या थंडीनंच खाल्ली की हो!" मागं आणखी दोघंतिघं होते. कुणीतरी हसलं. तुम्ही खाली बसलात, ते रोप उचललंत, मुळापासून शेंड्यापर्यंत बघितलंत. मी दारात उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत, बघितलं असतंत तर कदाचित बोलले असते. असंही मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. तुम्ही काकांना म्हणालात, "माझाच हात चुकला."

पुढच्या वर्षी तुम्ही खोकी फोडून चुलीला घातलीत. पाचगणीत एका बंगल्यावर माळीकामाला लागलात, गुलाब छाटायचात, हिरवळ राखायचात. कुणी जुन्या ओळखीनं रोपांचं विचारलं तर म्हणायचात, "त्यात काय माझा हात बसला न्हाई." वीस वर्षं ज्याचा हात बसला होता तो माणूस असं म्हणायचा आणि मी पलीकडं भाकरी थापत ऐकायचे.

माझं लग्न झालं, मालक तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, आम्ही कोपरखैरण्याला खोलीत राहायला आलो. तुम्ही एकदाच आलात तिथं. मी डालड्याच्या डब्यात मेथी पेरली होती, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, उठलात आणि डबा उचलून आत आणलात. म्हणालात, "वारं लागू देऊ नगंस गं. कोवळ्या रोपाला भायेरचं काय दावू नये. मरतंय." तुम्ही म्हणालात हे, तात्या. तुमच्या तोंडून ऐकलं आणि दुसऱ्यांदा ठेवलेला चहा उतू गेला. मालक जेवून बाजारात गेलेले, पोरं शाळेत, खोलीत आपण दोघंच. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी ओटा पुसला आणि तुम्हाला विचारलं, अजून अर्धा कप देऊ का. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आता नातीचं सांगते. ती कॉलेजात बायोटेक शिकते आणि तिच्या प्रकल्पाचा विषय आहे, झाडं थंडी कशी सोसतात. नवी मुंबईत बसून हा विषय! इथं थंडी म्हणजे चार दिवस पंखा एकावर. मी हसले तर म्हणाली, "म्हणून तर फ्रीज लागतो ना आजी." मग तिनं मला समजावलं, आणि मी परत परत विचारत राहिले, इतकं की ती म्हणाली, "परीक्षा तुझी आहे की माझी?" मला कळलं ते असं. रोपाच्या प्रत्येक पेशीत सगळ्या कामांच्या कृती लिहून ठेवलेल्या असतात, ती जनुकं. पण सगळ्या कृती एकदम चालू नसतात, बहुतेक मिटलेल्या. त्या उघडून कामाला लावणारी काही प्रथिनं असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे मुकादम. आमचे हे सांगायचे तसा. मुकादम स्वतः एक गोणी उचलत नाही, पण त्यानं हाक दिल्याशिवाय टोळीतला एक माणूस जागचा हलत नाही. नात म्हणाली, "आजी, हे मी सरांना सांगणार." तर एक मुकादम पेशीत कायम असतो, पेंगत. थोडी थंडी लागली की तो जागा होतो आणि दुसऱ्याला उठवतो, आणि तो दुसरा जाऊन पाच-पन्नास गड्यांना हाका घालतो. कुणी पेशीत साखर साठवतो. कुणी असं काही बनवतो की पाणी बाहेर गोठलं तरी पेशी आतून कोरडी पडून फाटू नये. कुणी पेशीच्या पापुद्र्यातली चरबी बदलतो, म्हणजे थंडीत खोबरेल जसं थिजतं तसा तो थिजत नाही, शेंगतेलासारखा वाहता राहतो.

हाक जायला फार वेळ लागत नाही, म्हणाली ती, पण गडी जमून काम उरकायला दिवस लागतात. म्हणून एकदम कडाक्याची थंडी पडली तर मुकादम ओरडतो आणि टोळी आलेलीच नसते. आणि ज्या रोपात ही तयारी चालू असते ते वाढत नाही, आखूड राहतं, कारण सगळं बळ तिकडं लागलेलं. "आणि थोडी दाखवून मग परत उबेत ठेवलं तर?" मी विचारलं. आवाज नीट ठेवला. ती म्हणाली, "मग विसरतात. थोड्या दिवसांत सगळं परत बंद." म्हणजे तुम्ही स्वतः दावलेल्या त्या दोन थंड्याही मीच पुसल्या.

तुमचं 'आतनं' ते हे होतं, तात्या. पानामागं खरंच लिहिलेलं होतं, फक्त आपल्याला दिसत नव्हतं.

काही रोपं अजून फ्रीजमध्ये आहेत, पण पहिल्या फेरीचा निकाल गेल्या रविवारी लागला. अर्धे कप रोज फ्रीजमध्ये, जास्त जास्त वेळ, अर्धे सज्जात, तुलनेपुरते, थंडी न दावता; त्यांना ती 'कंट्रोल ग्रुप' म्हणते. मग दोन्ही एकत्र मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, भोवती बर्फ आणि खडेमीठ, मध्ये पारा बघायची नळी. बर्फ आणायला मीच सारसोळ्याच्या मासळीबाजारात गेले, नातीला सोबत घेऊन. ओळखीची कोळीण हसायला लागली. "काय गो आजी, मासली नाय, नुसता बरफ? घरान लगीन हाय का?" मी म्हटलं, रोपांना घालायचाय. ती बाजूचीला म्हणाली, "आयकलंस? आजी झारांना सरबत पाजते." दुपारभर पेटी बंद. संध्याकाळी झाकण काढलं. फ्रीजमधली रोपं जरा मलूल, पण उभी. सज्जातली काळपट, ओली, उकडल्यासारखी. मी त्यातला एक कप घेऊन खाली बसले. नातीला वाटलं बर्फाचं वजन उचलून दमले.

आणि मग तिनं ते विचारलं. घरात तुमची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलेली; पणजोबा रोपांना थंडी दाखवायचे आणि एका वर्षी फसलं. ती वही घेऊन बसली. "आजी, मला पणजोबांचं प्रस्तावनेत लिहायचंय. पण मग त्या वर्षी का मेली गं? सात थंड्या झाल्या होत्या ना?"

"थंडीच तशी होती," मी म्हटलं.

"ओके. मग असं लिहिते, त्यांची पद्धत ढोबळ होती, जास्त थंडीत टिकत नव्हती." आणि लिहायला लागली. मी तिचं पेन चालताना बघत होते. आधी त्या काकांनी तोंडी म्हटलं होतं, आता माझ्याच नातीच्या हातून ते कागदावर उतरत होतं, आणि या वेळीसुद्धा मी जणू तशीच दारात उभी. मी तिचं मनगट धरलं. "खोड ते," म्हटलं. "दोनच झाल्या होत्या. पाच मी दावल्या नाहीत. त्यांना सांगितलं झाल्या."

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी! म्हणजे त्या वर्षी तूच कंट्रोल ग्रुप केलास!" आणि हसली. तिचं वय तसं आहे. मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. "त्यांना कधी कळलंच नाही?" "नाही." "म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की..." "हो." सूनबाईनं गॅस बारीक केला. नातीनं विचारलं, "पण तू का नाही ठेवलीस बाहेर?" मी म्हटलं, दया आली गं. आई दवाखान्यात होती, त्या रोपांनी माना टाकल्या, मला बघवेना. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग आधीचं वाक्य खोडून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'पद्धत अचूक होती. त्या वर्षी काळजीपोटी रोपे आत ठेवण्यात आली.' छान आहे, म्हटलं मी.

तुमचं नाव तेवढं धुतलं गेलं, उशिरा का होईना, एका वहीत. हा कागद तर कुठल्या टपालात टाकायचा नाही, तेव्हा इथं तरी नीट लिहिते. वर जीव तुटला म्हणून जे लिहिलंय ते मी नातीला सांगितलेलंच तुम्हालाही लिहिलं. हात सवयीनं तिकडंच वळला. खरं असं झालं, की पहिल्या संध्याकाळी मी चार खोकी बाहेर नेली. पाचव्याला बोटं सुन्न झाली. चुलीपाशी जाऊन बसले, म्हटलं जरा हात शेकते आणि उठते. उठले ती फक्त चार आत आणायला. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नाही झालं, आज करून काय होणार. तिसऱ्या दिवसापासून काही वाटलंच नाही. रोपांच्या माना, तुटलेला जीव, हे सगळं मी नंतर जुळवलं, आणि इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात फिरवलं की मलाही ते आठवायला लागलं.

दयाबिया काही नव्हती, तात्या. बाहेर गार होतं आणि मला कंटाळा आला होता. नातीच्या वहीत अजून 'काळजीपोटी' असंच आहे.